खरखर

शुक्रवारी संध्याकाळी, इस्त्री करताना,
रेडिओवाला म्हणाला, एकोणिसावरून थेट चौथं.
फ्रेंच गाणं, आणि ब्रिटनच्या यादीत चौथं!
आवाज असा, जणू कुणाची म्हैस
इंग्लिश खाडी पोहून आली.

मग ते लागलं.
ऑर्गन, खंजिरी, मागे तीन मुलींचं ला-ला-ला,
आणि सगळ्याच्या आधी, सुराच्याही आधी,
खरखर.

मी इस्त्री उभी केली.

एकाहत्तर साली हेजच्या कारखान्यात
मी या खरखरीचीच नोकरी केली.
तापलेल्या प्लास्टिकचा वास, पांढरे हातमोजे,
शंभरातली एक तबकडी उचलायची, हेडफोन लावायचे.
एक टिचकी ऐकू आली तरी
फोरमन बॅसेट अख्खी पेटी बाद करायचा.
प्रमिला म्हणणं त्याला जड जाई, म्हणून मी पॅम.
पॅमचे कान, म्हणायचा, वटवाघळाचे.
इंग्रजी तेव्हा बेताचंच.
गाणी कळायची नाहीत, बिघाड कळायचा.

आणि आता या बावीस वर्षांच्या पोरीनं
तो मुद्दाम घातलाय. पैसे मोजून.

पण चुकलीच ती.
खरा ओरखडा वक्तशीर असतो:
मिनिटाला पंचेचाळीस फेरे, पंचेचाळीस टिचक्या,
एकही इकडची तिकडे नाही.
हिची खरखर फोडणीतल्या मोहरीसारखी,
मनाला येईल तेव्हा तडतडते.
बाद, मी म्हणाले. मोठ्यानं. रिकाम्या स्वयंपाकघरात.

भिंतीपलीकडे ग्लेनिसनंही तेच लावलेलं.
एक शब्द त्यात सारखा येतो,
मला ऐकू येतं, "पार पळवी".
कुणाला पळवी, कशाला पळवी, देव जाणे.
बाहेर अजून उजेड होता, कुंपणावरून तिला विचारलं.
तिलाही एक अक्षर कळलेलं नाही,
तरी ठुमकत ठुमकत
दोरीवरचे कपडे काढत होती,
चिमटे तोंडात धरून ला-ला-ला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
आम्ही दोघी एकाच न कळण्यात उभ्या होतो,
ती तिच्या बाजूला, मी माझ्या.

रात्री नातवानं फोनवर सांगितलं: छत्री.
त्या शब्दाचा अर्थ नुसता छत्री.
बरं, म्हटलं.

ग्लेनिसला अजून सांगितलेलं नाही.