विषय : आकाशातील फलकाबाबत

टिपणी सादर की,
गेला महिनाभर, दिवस मावळल्यावर,
कधी साडेसातला, कधी साडेआठला,
लालबाग ते ट्रॉम्बे या हद्दीत
एक साबण उगवतो.
सहा मिनिटं राहतो.
मग कुर्ल्यावरून ठाण्याकडे जातो.
परवाना क्रमांक : आढळून येत नाही.

मी हेमांगी मोकल, अनुज्ञापन निरीक्षक,
बावीस वर्षं फलक मोजते आहे.
चाळीस बाय चाळीसच्या वर
एक फूट चढू देत नाही. कागदावर.
कागदाबाहेर काय काय चढलं, ते शहराला ठाऊक आहे.
एका वादळी दुपारी मी क्रेनजवळ उभी होते,
लोखंडाखाली मोबाइल वाजत होते,
कुणी उचलत नव्हतं.
तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच असतो :
पाया किती खोल?

कंपनीचा मुलगा आला होता, निहार सबनीस.
फलकासाठी नव्हे,
उद्घाटनाच्या मांडवाची परवानगी हवी होती.
मऊ बोलणारा. माझ्याच कचेरीत
मलाच खुर्ची पुढे करणारा.
म्हणाला, मॅडम, पाया नसतो.
ते सतत पडतच असतं,
फक्त पृथ्वी दर वेळी खालून वळते.

आणि एखाद्या दिवशी नाही वळली तर?

जळून जाईल. वरच. बहुतेक.

‘बहुतेक’ हा शब्द
मी लाल शाईने अधोरेखित केला आहे.

कायदा चाळला.
आपली हद्द उत्तरेला दहिसर, मुलुंड,
पश्चिमेला भरतीची रेषा.
वर कुठवर,
हे लिहायचं कुणाला सुचलेलं नाही.
समुद्र बुजवला तेव्हा तोही कुणाचा नव्हता.
म्हणून तर बुजवता आला.

आलेल्या तक्रारी :
परळच्या दमयंती केणी यांनी
संकष्टीला, ढगाआडून उजळलं म्हणून,
साबणाला अर्घ्य दिलं.
कळल्यावर काही बोलल्या नाहीत,
ताट पुन्हा झाकून ठेवलं.
नागपाड्याचे युसुफ मुकादम,
तीस वर्षं चंद्रकोरीची साक्ष देतात,
या एकोणतिसाव्या संध्याकाळी म्हणाले,
माझ्या डोळ्यांची शपथ आता मला घेववत नाही.
चेंबूरला हॉलच्या गच्चीवर
भटजींनी नवरीला अरुंधती दाखवायला बोट उचललं
आणि वऱ्हाडाने एका सुरात
घोषवाक्य वाचलं.

हसू मलाही आलं. तेही नमूद करते.

हेही टिपणीत असावं :
पेणजवळच्या वाडीत माझी भाची
डोंगराआड बसून शिकते
ती याच कंपनीच्या दुसऱ्या उपग्रहावर.
फी नाही. मुलाने हे सांगितलं तेव्हा
तो खोटं बोलत नव्हता.
मी तिला फोन केला. म्हणाली,
आत्या, तो साबण आम्हाला पण दिसतो,
पण त्याच्या आधी काय दिसायचं
ते विसरत चाललंय.

मिनिटाचं भाडं किती, मी विचारलं.
ते गोपनीय.
कुणाला दिलं, विचारलं.
तो पहिल्यांदाच थांबला,
खिडकीबाहेर पाहिलं, वर,
जणू तिथे कुणी खिडकीवर पावती फाडत बसलं असेल.

नियमाप्रमाणे सात दिवसांची नोटीस काढली आहे :
स्वखर्चाने हटवावे,
अन्यथा महापालिका हटवील व खर्च वसूल करील.
नियमाप्रमाणे ती
फलकाच्या दर्शनी भागावर डकवायची असते.

काल घरी खळ शिजवली.
गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर
नोटीस चिकटवली, मजकूर वर करून,
कोपरे तळहाताने दाबले.
शेजारचा मुलगा विचारत होता, कुणासाठी?
त्याला म्हटलं, डकवायची आमची पद्धत आहे.

आठ बाराला साबण आला.
कागद पांढरा झाला, शिक्का दिसला,
खाली माझी सही.
चष्म्याशिवाय वाचता येण्याइतका उजेड होता,
हे प्रामाणिकपणे कळवते.

आदेशार्थ सादर.