उजवा गाल

पावणेसहाच्या बसमध्ये मी डावीकडची खिडकी मागते,
म्हणजे उजवा गाल आत राहतो, माणसांच्या बाजूला.
माणसांची भीती कमी. भीती वाऱ्याची,
फटीतून येणाऱ्या, सुतळीएवढ्या वाऱ्याची.

ड्रायव्हर सिक्स्तो अकरा वर्षं विचारतोय,
“कशी आहेस, एदुविना?”
गेले सात महिने मी नुसतं बोट वर करते.
त्याला वाटतं, अजून कोंबड्यांच्या व्यवहारावरून रागावलेय.
होता राग. पण रागावायलाही जबडा लागतो.

दात म्हणून दोन दात उपटून झाले,
दोन्ही निर्दोष निघाले.
हे दुखत नाही, कडाडतं.
पापणीखालून हनुवटीपर्यंत कुणीतरी
तापलेली तार एकदाच ओढतं
आणि मग काही झालंच नाही असं वागतं.
ते ‘मग’ सगळ्यात वाईट.
मी त्या ‘मग’मध्ये राहते.

भेटलं की उजव्या गालाला उजवा गाल लावायचा, ही आमची रीत.
म्हणून मी कुणाला भेटत नाही.
भाचीच्या लग्नात दिवसभर चुलीपाशी उभी होते,
हातात तेलकट झारा, कुणी जवळ येऊ नये म्हणून.

दाल्काउएची छोटी बोट अंधारातच उरकते.
कास्त्रोला बस बदलायची. थांब्यावर ओल्या लोकरीचा वास,
लाकडाचा धूर, आणि टोपलीतून मिल्काओ विकणारी बाई,
गरम बटाट्याचे, आत चरबीचे कुरकुरीत तुकडे.
दोन घेते. खाणार नाही.
मांडीवर ठेवते, मध्येच कागद उघडून वास घेते, पुन्हा मिटते.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना,
तसंच. फक्त तोंड दाबणारीही मीच.

अंकुदपर्यंत शेजारी एक मुलगी, कानात गाणी,
तिचा एक केस माझ्या दिशेने उडतोय.
एकच.
सापाकडे बघावं तशी मी त्याच्याकडे बघत बसते
बावीस किलोमीटर.

चाकाओला बस मोठ्या बोटीत शिरते.
सगळे वर जातात, सिगरेट ओढायला,
अर्धवट पुलाचे खांब मोजायला.
नवरा होता तेव्हा मीही जायची,
कठड्याशी उभी राहून वारा तोंडावर घ्यायची, फुकटचा.
आता बसमध्ये मी आणि एक म्हातारा,
साल्मन कारखान्याचं जाकीट, दोन बोटं अर्धी.
पुढच्या दाराची फट शीळ घालते.
मी मफलर ओढून घेते. तो बघतो.
विचारत नाही काही.
उठतो, हेलकाव्यात बाकं धरत धरत पुढे जातो,
डोक्यावरची लोकरी टोपी काढून फटीत कोंबतो,
परत येऊन बसतो. टक्कल, लाल कान.
अर्धा तास आम्ही ब्र काढला नाही.
इतकं मनमोकळं मी कुणाशी बोलले नव्हते कित्येक दिवसांत.

पार्ग्वाला तो उतरायला निघाला. टोपी दारातच.
बाहेर भुरभुर पाऊस, त्याचं डोकं उघडं.
बोट वर केलं, त्याची पाठ होती.
पाय आपटला, इंजिन चालू होतं.
शेवटी म्हणाले,
“अहो, टोपी!”

तार आली. डोळा फुटेल असं वाटलं,
मिल्काओत बोटं रुतली.
दिसायला लागलं तेव्हा तो पायरीवर होता,
टोपी काढून हातात घेतलेली.
माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे,
आणि पुन्हा कोंबली ती फटीत, आणखी खोल,
अर्ध्या बोटांनी.
पावसात गेला.

पुएर्तो मोंतचं इस्पितळ, तिसरा मजला.
माझा नंबर चौसष्ट, आत एकेचाळीस.
मांडीवर गारढोण मिल्काओ, एकाचा चेंदामेंदा,
आणि मासळीचा वास मारणारी परक्या माणसाची टोपी.
नर्स फॉर्म भरताना विचारते,
“सोबत कुणी आलंय?”
मी बोट वर करते.