एक रात्र, दोन दिवस

स्पेनच्या वकिलातीनं एका ओळीत कळवलं :
परत येण्याचा तुमचा इरादा सिद्ध होत नाही.
ह्यांनी ती ओळ तीनदा वाचली,
चष्मा पुसून चौथ्यांदा.
एकतीस वर्षं
साडेसहाच्या आत घरी येणारा माणूस.

रजा मंजूर होती. बॅगा भरलेल्या.
वहीत तासातासाचा आराखडा :
सेव्हिल, कोर्दोबा, ग्रानादा,
कुठं चालत, कुठं बसनं,
रस्त्यावरची संत्री कडू असतात, तोडू नयेत.
खालच्या चौगुलेवहिनींनी
ओवाळून पेढासुद्धा भरवला होता.
आता कुठल्या तोंडानं घरात बसायचं?

सांगलीच बघू की, मी म्हटलं.
हसतील असं वाटलं.
ह्यांनी वही काढली, तिथल्या नदीवर काट मारली
आणि वर बारीक अक्षरात लिहिलं,
कृष्णा. सव्वादहा.

शंभर फुटीवर लॉज. नेमिनाथनगरातनं
रिक्षाचे चाळीस रुपये.
मॅनेजरनं आधार कार्डावरचा पत्ता वाचला,
आमचे पिकले केस बघितले,
परत पत्ता वाचला
आणि काही न बोलता किल्ली दिली.

आयर्विन पुलावर प्रवाशासारखे उभे राहिलो,
तरी डोळे गेलेच फुटांच्या पट्टीकडं.
पाणी किती फूट, हे आमच्याकडं
तब्येत कशी आहे, अशा सुरात विचारतात.
आज नुसतं बघायचं, हे म्हणाले, मोजायचं नाही.
एका पोराच्या हातात फोन दिला.
त्या फोटोत आमची डोकी आहेत, पूल नाही.
हळदीच्या पेठेत मी शिंकत सुटले.

दुपारी मिरज. वहीत तिथं कोर्दोबा होतं.
सतारवाल्यांच्या गल्लीत आढ्याला भोपळे टांगलेले,
धुळीनं पांढुरके,
अजून कशाचेच न झालेले.
कुठले तुम्ही? कारागिरानं विचारलं.
बेळगाव, हे म्हणाले, न चाचरता.
आणि सतार कुणासाठी?
मुलीसाठी.

आम्हाला मुलगी नाही. मुलगाही नाही.
ह्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते,
आणि कुणास ठाऊक का, पदर सारखा केला.
म्हातारा पटाशी खाली ठेवत म्हणाला,
हात केवढे आहेत तिचे?
त्यावर बेतायचं असतं, नाहीतर पडद्यावर बोट पुरत नाही.
ह्यांनी माझ्या हाताकडं बघितलं.
बराच वेळ बघितलं.
म्हणाले, हिच्याएवढेच.

बसमध्ये आम्ही बोललो नाही.
गारवा सुटलाय, एवढंच मी म्हणाले, ते हो म्हणाले.

तिथं म्हणे रात्री दहाशिवाय हॉटेलात चूल पेटत नाही.
आम्ही दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं,
म्हणून मी आठ दिवस टिकतील अशा दशम्या केलेल्या.
त्या लॉजच्या गच्चीवर सोडल्या,
शेंगांच्या चटणीसंगट,
उन्हाचा शेवटचा पट्टा टाकीवर असेपर्यंत.

मग अंधार पडला आणि हे म्हणाले, ती बघ.
कुठली?
पाण्याच्या टाकीच्या डावीकडं, तिसरा मजला.
आमच्या स्वयंपाकघरात दिवा चालू होता.
मी विसरले होते, का ते, ह्यावर थोडं भांडलो.
जाऊन घालवून यायचा का? दहा मिनिटांचं काम.
कुणीच उठलं नाही.
ह्यांनी त्या खिडकीचा फोटो काढला,
दोन बोटांनी मोठा करून बघितला.
कोण राहत असेल, म्हणाले.
असतील कुणीतरी दोघं, मी म्हटलं.

खाली कुणाची तरी स्कूटर
लाथा खाऊनही चालू होत नव्हती.
कठड्यावर मी पंजा पसरून ठेवला होता,
बोटं ताणून, कुणी माप घेत असल्यासारखी.
केव्हापासून, माझ्या लक्षात आलं नाही.