बंदूक डावीकडे मारते

बाबा म्हणतात, बंदूक डावीकडे मारते.
तीन वर्षं हेच.
चाळीस पावलांवर हातभर,
कधी हात आणि वर चार बोटं.

म्हापशाला नेली, रेमेदियोसकडे.
त्यानं ती मोडून नळीतून खिडकीकडे पाहिलं
वैद्य घसा पाहतो तसं,
आत तेलाचा बोळा, बाहेरून बोट,
पोचा कुठे लागतो का बघत.
नळी सरळ. माशी घट्ट. दस्ता पिळलेला नाही.
दीडशे रुपये घेतले आणि सुटे देताना
मला एकटीला हळूच काहीतरी सांगितलं.
परतीच्या बसमध्ये बाबा बोलले नाहीत.
म्हापशाच्या माणसाला बागायतीतली बंदूक काय कळणार.

मतदानापूर्वी वाळपईच्या चौकीत जमा करायची होती,
चार दिवस उरले होते
आणि वाकडी बंदूक त्यांना द्यायची नव्हती.
लोक काय म्हणतील?
कोण लोक, मी विचारलं, तिथल्या कपाटातल्या बंदुका?
तसा आम्ही कुणावर नेम धरत नाही आता.
माकडं नारळावर आली की एक बार आभाळात.
आवाजाला डावं-उजवं नसतं.

तरी काजूखाली बांबूला जुनी चादर बांधली,
मध्ये कोळशाचा ठिपका, ताटलीएवढा.
पावसाळ्यात दमट झालेली काडतुसं बाजूला काढली,
नवी घातली.
डावीकडे.
सोडणांच्या पोत्यावर टेकवून मारली.
डावीकडे.
गाल दस्त्याला लावा, मी म्हटलं.
लावलाय, म्हणाले, साठ वर्षं लावतोय.
छऱ्यांची भोकं मोजली, पेन्सिलीनं गोल केले,
सगळा थवा चादरीच्या काठाला,
दोन-चार तर काजूच्या खोडात.

मग मी मारली.
आयुष्यात पहिल्यांदा. खांदा आठवडाभर निळा होता.
ठिपका गेला.
चादरीत ताटलीएवढी चाळण
आणि चाळणीतून पलीकडचा ओहोळ दिसत होता.

बाबा किती तरी वेळ काडतुसाची रिकामी टोपी हुंगत उभे.

तेव्हा रेमेदियोसनं सांगितलेलं केलं.
दोन्ही हात पुढे ताणा, तळवे जुळवून
मध्ये छोटं भोक ठेवा,
दोन्ही डोळे उघडे, आणि त्यातून माझं नाक बघा.
त्यांनी बघितलं.
त्या भोकात मला त्यांचा डोळा दिसला, एकच,
डावा.

उजव्या खांद्यावर बंदूक आणि नेम डाव्या डोळ्याचा.
उजव्यात मोतीबिंदू आलाय, मी म्हटलं, म्हणून असेल.
तेही म्हणाले, म्हणून असेल.

हे इथे संपलं असतं.
पण दुसऱ्या दिवशी तुळशीदास च्यारी
दाराची फळी घेऊन आला, करवतीचे चार दात तुटलेले.
तुमच्या फणसात शिसं आहे, म्हणाला.
सात छरे, लाकडात खोल,
वर पन्नासेक वर्षांची वलयं चढलेली.

कुठला फणस?
झर्म्याच्या वाटेवरचा, डुकराच्या उतारावरचा.
उताराच्या कुठल्या अंगाला, हे कुणी विचारलं नाही.

पारध चालायची तेव्हाचा तो डुक्कर.
त्याचा सुळा आमच्या ओसरीत, चुन्याच्या भिंतीवर,
येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबांनी दाखवलेला.
उजव्या हाताला तेव्हा पुतू मळीक उभा होता.
दोन बार एकदमच उडाले.
पुतूला एक तंगडी मिळाली, वाटणीची.
तो कधी काही बोलला नाही,
आमच्या ओसरीत यायचा तेव्हा
पाठ भिंतीला करून बसायचा.

बंदूक जमा झाली. शिपायानं शेऱ्यात लिहिलं, दोष नाही.
बाबांनी पावती दोनदा वाचली,
चष्मा वर करून, मग खाली करून.
संध्याकाळी स्टुलावर चढून सुळा काढला,
भिंतीवर त्याची पांढरी कोयती राहिली.
त्या भोकं पडलेल्या चादरीचा तुकडा फाडून त्यात गुंडाळला
आणि मला विचारलं,
पुतूचा नातू हल्ली राहतो कुठे?