पाटी क्रमांक नऊ

जूनच्या पहिल्या सोमवारी
मी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन निघतो.
पिशवीत पेचकस, फडकं, रायचा पाव, चीज.
ग्रामसभेनं नेमलंय मला :
वारसावाटेवरच्या चौदा पाट्या पुसायच्या,
ढिले स्क्रू आवळायचे,
हिवाळ्यानं खाल्लेले बाण पुन्हा रंगवायचे.
पैसे तीन तासांचे मिळतात.
मला पाच लागतात, कारण वाटेत क्रेसेन्झिया राहते.

पाटी एक, चर्च.
पाटी दोन, धान्याची कोठारं : लाकडी खांबांवर उभी,
खांबाच्या डोक्यावर गोल चपटा दगड,
म्हणजे उंदरानं वर चढावं
आणि आभाळच आडवं यावं.
आत आता राय नाही. एका कोठारात
झुरिकच्या दंतवैद्याच्या स्की आहेत.
उंदीर अजून येतात, सवयीनं.

तीनपासून पाट सुरू होतो.
हातभर रुंद पाणी, हिमनदीतून निघालेलं,
दुधात राख कालवल्यासारखं,
कड्याला टांगलेल्या लाकडी पन्हळीतून
खाली जर्दाळूच्या मुळांशी जाणारं.
पाटी पाच तीन भाषांत सांगते :
ही पन्हळ बांधताना सहा जण पडले.
सातवा कुणी मोजत नाही. तो पडला नाही,
फक्त एका वसंतात वर आला नाही;
खालच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात लागला.
माझे आजोबा.

पाटी नऊ म्हणजे क्रेसेन्झियाचं घर.
'इथे शेवटचा पाटकरी थेओडुल राहत असे.'
लोक काचेला नाक लावून आत बघतात.
आत त्याची मुलगी बटाटे सोलत असते.
एकानं विचारलं, तुम्ही इथे किती वाजेपर्यंत असता?
ती म्हणाली, अजून नक्की कळलेलं नाही.

पाण्याच्या पाळीची काठी असायची घरोघरी.
त्यांच्या काठीवर दीड खाच :
दर तिसऱ्या मंगळवारी, पहाटे दोनला, दीड तास पाणी.
संग्रहालयानं काठी मागितली, तेव्हा तिनं
मोडक्या खुर्चीच्या पायावर तशीच दीड खाच पाडली,
चहात भिजवली, आणि दिली.
ती आता काचेमागे आहे, वर दिवा.
खरी काठी
खिडकी उघडी ठेवायला लागते.

पण ती बोलते ते हातोड्याबद्दल.
पाटात एक चाक, चाकाला लाकडी हातोडा.
पाणी वाहतंय तोवर फळीवर ठक्. ठक्.
त्या आवाजावर गाव झोपायचं.
थांबला की जागं व्हायचं :
कुठेतरी दरड, कुठेतरी ओंडका,
आणि थेओडुल कंदील घेऊन दाराबाहेर,
एक बूट पायात, एक हातात.
"शांततेनं दचकणारी माणसं आम्ही," ती म्हणते
आणि माझ्याकडे बघत नाही.

कारण वाट झाली तेव्हा हातोडाही पुन्हा बसवला.
नवा, लार्चचा. पाटी दहा.
सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.
नंतर हॉटेलातल्या पाहुण्यांची झोप मोडते,
म्हणून चाकाला खीळ घालायची.
ते कामही माझ्याकडेच, रोजचं, त्याचे वेगळे पैसे.
रोज सहाला मी खीळ घालतो
आणि खाली, नवव्या पाटीमागे,
एक्क्याऐंशी वर्षांची बाई
बूट शोधायला लागते.

आज पाटी पुसली. थेओडुलच्या 'ओ'मध्ये
कोळ्यानं घर केलं होतं, ते राहू दिलं.
तिनं कॉफी दिली, गेल्या वर्षीचा जाम दिला,
हातोड्याबद्दल काहीच बोलली नाही.
तेच जड गेलं.

दहाव्या पाटीपाशी पोचलो तेव्हा सहाला पाच कमी.
बाण रंगवला. पुन्हा रंगवला.
मग नोंदवहीत लिहिलं :
पाटी दहा. खीळ सापडत नाही. नवी मागवावी.
घाई नाही.

उतरताना वळणापर्यंत ऐकू येत होतं.
पिशवीत, पावाच्या उरलेल्या तुकड्याखाली,
लोखंडाचं काहीतरी
पावलागणिक डब्यावर आपटत होतं.