रिकामं पिंप

भरलेलं पिंप स्वतःचं बघतं, कुमुदबेन,
रिकाम्याचंच करावं लागतं,
असं म्हणून नौशीर कॉन्ट्रॅक्टर फतेगंजातलं घर विकून
मेलबर्नला गेला, मुलाकडे,
आणि माझ्या मागच्या पडवीत ठेवून गेला
चाळीस लिटरचं ओकचं पिंप, सहा लोखंडी कड्या, एक बूच
आणि पाठकोऱ्या कागदावर गुजरातीत नऊ सूचना.
नववीखाली दोन रेघा :
सुकावा देशो नहीं.

त्याच्या बापानं यात काळी द्राक्षं आंबवली होती,
दारूबंदीच्या आधी कधीतरी.
मग कायदा आला, आणि उरलेली वाइन
आपणहून कायद्यात बसली.
सिरका झाली.
त्यावर पन्नास वर्षं लग्नांची लोणची मुरली.
आता यात पुन्हा वाइन राहायची नाही, नौशीर म्हणायचा,
लाकूड विसरत नाही. माणूस बरा.

मी पस्तीस वर्षं सायन्स फॅकल्टीत काचेची भांडी धुतली.
काच सोपी. तिला पोटात काही ठेवता येत नाही.
याला आधी कढत पाणी, अर्धं पोट,
बूच ठोकून अंगणभर लोळवायचं,
मग आत सोडायची आमच्या गेलेल्या कुत्र्याची साखळी.
साखळी खडखडते, आणि भोकातून येतं
चहाच्या रंगाचं पाणी, काळा चुरा,
कधी एखादा लिबलिबीत पापुद्रा.
सिरक्याची आई. नौशीर तिला आईच म्हणायचा
आणि मोरीत टाकताना सॉरी म्हणायचा.
मग चमचाभर धुण्याचा सोडा,
सोडा मारायला लिंबूफूल,
मग पाणी, पाणी, वास जाईपर्यंत.
साबण कधीच नाही. लाकूड साबण पिऊन घेतं
आणि नावाला जागून वर्षभर ओकत राहतं.

पावसाळ्यात गंधकाची वात तारेला टांगून आत पेटवते,
निळी ज्योत क्षणभर दिसते, की बूच.
उन्हाळ्यात मात्र पाणीच. तोंडोतोंड.

एका मे महिन्यात पुतणीच्या लग्नाला ग्वाल्हेरला गेले,
पाणी न भरता. अकरा दिवस.
आले तर कड्या खाली सरकलेल्या,
वाळल्या मनगटावरच्या बांगड्यांसारख्या,
आणि दोन फळ्यांमधून पलीकडची तुळस दिसत होती.
पाणी ओतलं ते सगळीकडून एकदम बाहेर आलं,
पिंप नव्हतंच जणू, पिंपाची आठवण होती.
ओली गोणपाटं गुंडाळली. रात्री तीनदा उठून किटली.
कडीवर लाकडाचा ठोकळा धरून हातोडी, गोल गोल फिरत,
एकाच जागी नाही (सूचना सहा).
तिसऱ्या रात्री धारांचे थेंब झाले.
पाचव्या दिवशी नुसता घाम.
उरलेल्या एका फटीत मेण चोळलं.

कोणीतरी कळवलं असणार.
हवालदार आला, बूट काढून, हे विशेष.
बेन, आमां शुं छे?
पाणी.
त्यानं बूच काढून हुंगलं. बोट बुडवून चाखलं.
पाणीच, म्हणाला, जरा नाराजीनं.
पण पाणी यात कशाला?
लाकूड सुकू नये म्हणून.
आणि लाकूड कशाला?
मी सूचनांचा कागद दाखवला. त्यानं नऊच्या नऊ वाचल्या,
डायरीत काहीतरी लिहिलं,
आणि जाताना पाणी मागितलं. माठातलं.

दिवाळीला नौशीरचा फोन येतो.
तब्येत नंतर. आधी, भीनुं छे?
मी फोन पिंपाजवळ धरते
आणि बोटाच्या पेरानं वाजवते,
वर, मधे, खाली.
तिकडे बराच वेळ काही नाही.
त्याचा श्वास, मागे कोणाचीतरी टीव्हीची इंग्रजी.
मग :
वरून दुसरी कडी, कुमुदबेन.
जरा ठोकून घ्या.