रकाना नववा

जळगाव, एमआयडीसी. डाळमिलच्या पत्र्याखाली
मे महिन्यातले दुपारचे तीन.
माझ्या मांडीवर कामाचा तक्ता, गळ्यात स्टॉपवॉच,
समोर द्वारकाबाई सपकाळे.
हुद्दा : वाळवण-पारखी. बावीस वर्षं.

पोत्यात हात घालते, एक तुरीचा दाणा दाढेखाली धरते.
टक्.
'जाऊ द्या गिरणीत.'
पुढच्या पोत्यातला दाणा नुसताच दबतो.
'ह्याले अजून दोन उन्हं.'
चार सेकंद.
तेवढ्यात पन्नास क्विंटलचा चुरा होतो, किंवा होत नाही.

'काय लिही राह्यले भाऊ?'
'तुमचं काम.'
ती हसली. तोंडात दाणा होता.

कंपनीला एक मापाचं पद हवं आहे,
ज्याच्या शेजारी बाकीची ठेवून बघता येतील :
हमालाची पाठ, चाळणीवरच्या पोरी,
ऑफिसातले नारखेडे, खुर्चीसकट.
मी हिचं नाव सुचवलं. म्हणजे पद. नाव नव्हे.
माणूस बाजूला सारून काम बघायचं
असं आम्हाला शिकवलेलं आहे.

जबाबदारी : चाळीस गुण.
निर्णय : पस्तीस.
शिक्षण : चौथी, अर्धवट. दहा,
कारण त्याखाली तक्ता उतरत नाही.
रकाना नववा, लागणारी उपकरणे.
इथे पेन बराच वेळ थांबलं. मग लिहिलं,
दात.

पुण्याहून तक्ता परत आला, तांबडं वर्तुळ घेऊन.
उपकरण म्हणजे कंपनीने पुरवलेले. दुरुस्ती करावी.
मी खोडून लिहिलं : आर्द्रतामापक यंत्र, एक नग.
ते कपाटात आहे. प्लॅस्टिकही निघालेलं नाही.

काट्यावरचा रमजान तडवी त्या दिवशी वजनं पुसत होता.
ती शिक्क्याला जायची होती.
म्हणाला, हात लागून लागून लोखंडही झिजतं भाऊ,
मग ह्याच्या पोटात शिसं ओततात.
वरून पाहाल तर कळत नाही.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो, पडताळणीला.
द्वारकाबाईंच्या उजव्या गालावर सूज.
दाढ काढली, सिव्हिलला. अर्धा रोज कापला गेला.
'आता डावीकडून पाहते. टक् जरा उशिरा येते.'
दाणा तिनं जिभेनं पलीकडे ढकलला.
सवयीनं माझा अंगठा बटणावर गेला.

सहा सेकंद.

मी चार लिहिले.